तळाला हात घालणारे मामा

जगात जेवढा म्हणून खरा माल तयार होतो, त्याच्या दुप्पट खोटा तयार होतो आणि तो सगळाच्या सगळा पांढुर्ण्याच्या दिशेने निघालेला असतो, अशी माझ्या मामांची पक्की खात्री होती. त्यातला निम्मा रेल्वेने येतो, निम्मा पोस्टाने, आणि गावात उतरला की थेट आपलंच घर विचारत येतो, असंही त्यांना वाटत असावं. कारण दारावर कोणी थाप दिली, तर मामा "कोण?" असं विचारत नसत, "काय आणलं?" असं विचारत. घाबरट माणसं मी पुष्कळ पाहिली. कोणी कुत्र्याला भितं, कोणी विजेला, कोणी साहेबाला. मी स्वतः पालीला भिते आणि ते कबूल करायला मला लाज वाटत नाही. पण नव्याकोऱ्या साबणाच्या वडीला भिणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या आईचा सख्खा थोरला भाऊ होता.

मामा पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाचे ग्रेडर होते. दिवाळी झाली की कापसाच्या बैलगाड्यांची रांग जिनिंगच्या फाटकापासून पार सडकेपर्यंत लागे, आणि उजव्या हाताची बाही खांद्यापर्यंत गुंडाळून मामा एकामागून एक गाडी तपासत चालत. वरचा कापूस त्यांनी आयुष्यात कधी पाहिला नाही. वरचा कापूस दाखवायला असतो, असं त्यांचं म्हणणं. ते बाजूने थेट गाडीच्या तळाला हात घालत, कोपरापर्यंत, कधी बगलेपर्यंत, आणि डोळे मिटून खालची एक मूठ बाहेर काढत. माल ओला आहे का, पिवळी पडलेली कवडी, म्हणजे किडक्या बोंडाचा कापूस, आहे का, हे त्यांना मूठ उघडायच्या आधीच कळलेलं असे. मग एक पुंजका दोन अंगठ्यांत धरून हलकेच ताणायचा, धागा किती लांब आहे ते बघायचं आणि निकाल द्यायचा. ओल्या मालावर त्यांचा राग होताच, पण त्याहून जास्त राग दोन जातींचा कापूस एकत्र केलेल्या मालावर. वर लांब धाग्याचा, खाली आखूड. "मिसळ हाय," एवढंच ते म्हणत आणि गाडीवाल्याचा चेहरा उतरे, कारण मामांचा हात चुकत नाही हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं.

अडचण एवढीच होती की संध्याकाळी घरी येताना मामा तो हात जिनिंगमध्ये ठेवून येत नसत. बाजारात ते वांगी ढिगाच्या तळातून ओढत, ढीग कोसळे, आणि भाजीवालीच्या शिव्या ते मान खाली घालून शांतपणे ऐकत. लग्नाच्या पंगतीत वाढपी बुंदीची बादली घेऊन आला की त्याला थांबवून "खालून दे" म्हणत. माझ्या मोठ्या बहिणीला पाहायला मंडळी आली, तेव्हा मुलाची नोकरी, शिक्षण, शेती सगळं ऐकून आई खूश झाली होती. मामा मात्र गुपचूप बाहेर गेले आणि मुलाच्या चपला उलट्या करून तळ पाहून आले. एका बाजूने जास्त झिजल्यात, म्हणजे माणूस वाकडा चालतो, असा त्यांनी अहवाल दिला. लग्न झालं, सुखाचं झालं, पण आमचे भाऊजी मामा असेपर्यंत त्यांच्या घरी नव्या चपला घालूनच जात.

दुकानातून आणलेल्या वस्तूला तळ नसतो, हे मामांचं मोठं दुःख होतं. डब्यात, पुड्यात, कागदात बंद असलेल्या मालाच्या आत हात कसा घालायचा? त्यावर त्यांनी उपाय काढला होता. एखादी वस्तू खरी निघाली, वापरून संपली, कोणाला काही झालं नाही, की तिचं रिकामं खोकं ते जपून ठेवत. साबणाचे कागद, ब्लेडची पाकिटं, बामच्या डब्या, सेलवरची वेष्टनं, सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत. त्याला ते 'नमुना' म्हणत. नवी वस्तू आणायला जाताना जुना नमुना खिशात घालून नेत आणि दुकानाच्या पायरीवर उन्हात दोन्ही शेजारी धरून बघत बसत. रंग तोच आहे का, कागदाची घडी तशीच आहे का, डिंक कुठून कुठपर्यंत लावलाय. दुकानदार सुरुवातीला चिडत, मग हसत, आणि नंतर मामा येताना दिसले की आपणहून स्टूल बाहेर ठेवत. मामींच्या घरात भांडी ठेवायला जागा नव्हती, पण रिकाम्या खोक्यांची ट्रंक पलंगाखाली ऐटीत होती.

पोस्टाने येणाऱ्या मालाचं तर नावच काढायला नको. त्या काळात वर्तमानपत्रांत जाहिराती येत, घरबसल्या अमुक मिळवा, तमुक मिळवा, आणि माल व्ही.पी.ने येई, म्हणजे पोस्टात पैसे भरायचे आणि मग पार्सल हातात घ्यायचं. मामांच्या शेजाऱ्याने असा एक ट्रान्झिस्टर मागवला होता आणि त्यातून कागदात गुंडाळलेली वीट निघाली होती. शेजाऱ्याने ती वीट हसत हसत न्हाणीघरात लावून टाकली. मामा मात्र पंधरा दिवस जेवले नीट नाहीत. तेव्हापासून ते अशा जाहिराती कापून एका वहीत चिकटवत आणि खाली आपला शेरा लिहीत. पूर्ण पत्ता नाही, नुसता पेटी क्रमांक, म्हणजे खोटा. भाव फारच उतरवलाय, म्हणजे खोटा. जवाबी कार्ड पाठवलं तर उत्तर येत नाही, म्हणजे शंभर टक्के खोटा. मोठेपणी मला कळलं की त्या वहीत शहाणपण बरंच होतं. पण तेव्हा आम्ही भावंडं ती वही वाचून पोट धरून हसत असू.

एकदा मी अशीच हसत असताना आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि मामींचा हात आठवतो का, असं विचारलं. मामींचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत जळलेला होता. मी तो लहानपणापासून पाहत आले होते, त्यामुळे तो मामींचा हातच तसा आहे असं मी धरून चालले होते. आईने सांगितलं, मी चार-पाच वर्षांची असताना मामांनी नागपूरला एका हातगाडीवरून स्टोव्हचा बर्नर घेतला होता. खोकं तेच, चित्र तेच, रंग तोच. घाईत होते, गाडी पकडायची होती, म्हणून त्यांनी फक्त वरून पाहिलं. तिसऱ्या दिवशी स्टोव्ह भडकला. त्यानंतर त्या घरात स्टोव्ह पेटवायचा तो मामांनीच, मामींना अंगणात उभं करून, शेजारी ओलं पोतं ठेवून. मामा जिनिंगमध्ये असले की मामी चुलीवर चहा करत. हे ऐकल्यावर मी वहीला हसणं बंद केलं, आणि मामांची भीती थोडीशी माझ्या अंगात तेव्हाच शिरली असावी.

आम्ही सौंसरला राहत होतो. वडील तहसिलीत कारकून होते. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल, मी अकरावीत होते, आणि अकरावी म्हणजे तेव्हा आमच्याकडे शाळेचा शेवट. पुढे शिकवायचं की स्थळं बघायची, यावर घरात हळू आवाजात बोलणं सुरू झालं होतं. मला अभ्यासात फारशी गती नव्हती, पण मी हॉकी बरी खेळत असे. आमच्या खेळाच्या बाईंनी मुलींचा संघ उभा केला होता. स्टिका शाळेच्या, जुन्या, वरपासून अर्ध्यापर्यंत सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, आणि खेळाडू अकरा तर स्टिका आठ. तरीही आम्ही आसपासच्या शाळांना हरवून आलो, आणि बाईंनी माझं नाव संभागाच्या, म्हणजे विभागाच्या, निवडीसाठी छिंदवाड्याला पाठवलं. तिथे निवड झाली तर जबलपूरला खेळाच्या वसतिगृहात राहून पुढे शिकायला मिळणार होतं. अट एकच, स्टिक स्वतःची हवी. वडील म्हणाले, निवड झाली तर जा, नाही झाली तर पुढचं आम्ही ठरवू. म्हणजे माझं सगळं पुढचं आयुष्य एका स्टिकवर येऊन ठेपलं होतं, आणि ती स्टिक सौंसरला काय, पांढुर्ण्यालाही मिळत नव्हती.

ती जालंधरहून मागवावी लागणार, असं बाईंनी सांगितलं. मालातलं घरात कळतं कोणाला, तर मामांना. वडिलांनी काम त्यांच्यावर सोपवलं आणि मामांची झोप उडाली. त्यांनी आधी बाईंकडून शाळेच्या एका स्टिकवरचं उखडलेलं लेबल मागवून घेतलं, नमुना म्हणून. मग दोन दुकानांच्या जाहिराती समोर ठेवल्या. एकाचा भाव निम्मा होता, तो त्यांनी वहीत चिकटवून टाकला. दुसऱ्याला जवाबी कार्ड लिहिलं, त्यात अकरा प्रश्न. लाकूड कोणतं, झाड कुठलं, किती वाळवलं, तुटली तर कुठून तुटते. दुकानदार भला माणूस असावा, त्याने बारीक अक्षरात अकराही उत्तरं दिली. लाकूड तुतीचं, आणि तुटली तर कुठून तुटते यावर त्याने लिहिलं होतं, 'हमारी नहीं टूटती।' या उत्तराने मामा अधिकच घाबरले, पण कार्ड हाताने लिहिलेलं होतं, पत्ता पूर्ण होता, म्हणून त्यांनी छातीवर दगड ठेवून ऑर्डर दिली.

पार्सल पांढुर्ण्याच्या पोस्टात येऊन पडलं आणि खरा घोळ तिथे सुरू झाला. व्ही.पी.चं पार्सल सात दिवस थांबतं, नंतर परत जातं. मामांना ते आधी उघडून बघायचं होतं. पोस्टमास्तर बैतूलकडचे, हिंदी बोलणारे, मामांना ओळखणारे. ते रोज म्हणत, "पहले पैसा, फिर पार्सल," आणि रोज माणुसकीने पार्सल मामांच्या हातात देत. मामा ते नाकाला लावत, कानाशी हलवत, जमिनीवर उभं आपटून आवाज ऐकत. पार्सल पांढऱ्या कापडात शिवलेलं होतं. कापड म्हणजे कापूसच, तेव्हा मामांनी त्याचा एक धागा ओढून पाहिला. कापड उत्तम निघालं, आणि त्यामुळे त्यांना घाम फुटला. एवढं चांगलं कापड ज्या मालावर चढवलंय, त्या मालात काय लपवलं असेल? रांगेतली माणसंही मग आपापलं मत देऊ लागली. कोणी म्हणे पहार आहे, कोणी म्हणे बैलगाडीची खुंटी. पोस्टमास्तरांनी सहा दिवस पार्सल दिलं आणि सहा दिवस परत घेतलं. इकडे सौंसरला मी दिवस मोजत होते.

सातव्या दिवशी मी बसने पांढुर्ण्याला पोचले. दोन दिवसांनी निवड होती. घरात मामा पलंगावर बसून लेबलाच्या तुकड्याकडे बघत होते आणि मामी पायात चपला घालत होत्या. मामी फारशा बोलत नसत. त्यांनी मला चल म्हटलं आणि आम्ही दोघी पोस्टात गेलो. मामींनी पैसे ठेवले, जळलेल्या हाताने सही केली आणि पार्सल काखेत मारलं. मामा आमच्या मागून, पंचवीस पावलांवरून येत होते. पोस्टमास्तर खिडकीतून म्हणाले, "चलो, छुट्टी हुई।" मला त्या वेळी एवढं हायसं वाटलं की माझी निवड झाल्यासारखीच मी घरी आले.

पार्सल मामांनी अंगणात, उन्हात, आणि अर्थातच खालच्या बाजूने उसवलं. आतून स्टिक निघाली. मी आयुष्यात पाहिलेली पहिली नवी स्टिक. पिवळसर, गुळगुळीत, वाकलेलं टोक, दांड्याला काळ्या कापडाची पट्टी अगदी खालपर्यंत गुंडाळलेली आणि तिच्याखाली चकचकीत लेबल. मामांनी नमुना शेजारी धरला. रंग जुळला, डिंक जुळला. अंगठ्याच्या नखाने ठोकून पाहिलं, आवाज भरीव आला. पाण्याचं बोट लावलं, रंग सुटला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच काहीतरी हसण्यासारखं पाहिलं. मामी चहाचं विचारणार, तेवढ्यात मामांची नजर त्या काळ्या पट्टीवर गेली. सगळं वरून पाहून झालं होतं. तळ राहिला होता.

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी पट्टीचं टोक सोडलं होतं. ती फेरा फेरा करून सुटत गेली आणि आत दिसलं ते बघून मामांचा हात जागच्या जागी थांबला. दांडा वेगळा होता. खालचं टोक लाकडाचं, वरचा दांडा वेताचा, आणि त्या वेताच्या दांड्याला पाचरीसारखा आकार देऊन तो लाकडाच्या खाचेत बसवून, सरस लावून, दोऱ्याने बांधला होता. मामांनी त्या जोडावरून अंगठा फिरवला, गाडीतला कापूस पारखताना फिरवत तसाच. "मिसळ हाय, बाई," ते मला म्हणाले. "वरचा माल वेगळा, खालचा वेगळा. वरून पट्टी मारून देली."

मलाही ते पटलं. आज याचं हसू येतं, पण शाळेच्या स्टिकांची ट्यूब आम्ही कधी सोडून पाहिली नव्हती, आणि पंचवीस वर्षं ज्याचा हात चुकला नाही, तो माणूस माझ्यासमोर घाबरून बसला होता. मामांना पुढचं सगळं दिसत होतं. मी जोरात मारणार, स्टिक जोडातून तुटणार, अर्धा तुकडा हवेत उडणार आणि माझ्याच डोळ्यात जाणार. डावा की उजवा, यावर त्यांनी बराच विचार केला होता. स्टिक परत पाठवू, छिंदवाड्याच्या लोकांना पंधरा दिवस थांबायला सांगू, नाहीतर सुताराकडून बाभळीची एकजीव स्टिक करून घेऊ, असे ते एकामागून एक उपाय सांगत राहिले आणि दर उपायानंतर मामींच्या जळलेल्या हाताकडे बघत राहिले. दुकानदाराला जाब विचारणारं जवाबी कार्ड त्यांनी तिथल्या तिथे लिहून टपालात टाकलंसुद्धा. मला रडू येत होतं, ते निवड चुकेल म्हणून की डोळा जाईल म्हणून, हे मला आज सांगता येणार नाही.

मामी आत गेल्या आणि आपल्या जुन्या सुती पातळाची लांब चिंधी फाडून घेऊन आल्या. मामांच्या हातातून स्टिक घेऊन त्या खाली बसल्या आणि जोडावरून चिंधी घट्ट गुंडाळू लागल्या. "हात माया जयला," त्या मामांकडे न बघता म्हणाल्या, "अन् भेव तुमाले लागलं. बारा वर्सं मी काही बोलली नाही. आता या पोरीले तरी ते देऊ नका." मामींच्या तोंडून एका वेळी एवढे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. मामांनी मान हलवली, पण त्यांच्या भीतीने शेवटी आपला वाटा काढलाच. "जा, बाई. खेळ," ते म्हणाले. "पण हयू मार. मायी शपथ घे." मी त्यांच्या पायाला हात लावून हळू मारायची शपथ घेतली.

निवडीला मामा माझ्यासोबत आले. पिशवीत कापूस, हळद, पट्ट्या आणि मलमाची बाटली. रामाकोन्याला बस थांबली, तेव्हा ते उतरून टायर बघून आले आणि परत येऊन माझ्या शेजारी बसले. जुन्या टायरवर नवं रबर चढवलेलं होतं. तिथेही त्यांना मिसळ दिसली होती. छिंदवाड्यापर्यंत त्यांनी पुढच्या सीटचा दांडा सोडला नाही, आणि मीही सोडला नाही.

मैदानावर इतर मुलींकडे मी पाहिलंसुद्धा नाही. माझं सगळं लक्ष त्या चिंधीवर होतं. पळण्यात मी कोणाला हार गेले नाही, चेंडू अडवण्यातही नाही. पण मारायची वेळ आली की हात आपोआप आखडत. गोलाच्या मागे, कडुनिंबाखाली मामा उभे होते. मी स्टिक उचलली की ते डोळे घट्ट मिटून घेत आणि चेंडू लागल्याचा आवाज आला की एक डोळा हळूच उघडत. शेवटी शेवटी एक चेंडू अगदी माझ्या पायाशी आला. समोर गोल उघडा. जोरात मारायचा, बस्स. मी स्टिक मागे नेली आणि मला मामा दिसले, डोळे मिटलेले, दोन्ही हात तोंडावर. मी चेंडू हळूच ढकलला. गोलरक्षक मुलगी सावकाश आली आणि तिने तो पायाने अडवला.

खेळ संपल्यावर निवड करणाऱ्या सरांनी मला बाजूला बोलावलं. मामा तेव्हा नळावर पाणी भरायला गेले होते. सरांनी माझ्या हातातून स्टिक घेतली, चिंधी थोडी सरकवली आणि जोड पाहिला. म्हणाले, "बेटी, स्टिक तो तेरी असली है। फिर डर किस बात का था?" मी जोडाकडे बोट दाखवलं. त्यांनी शेजारच्या मुलीची स्टिक आणून मला दाखवली. तिलाही वेताचा दांडा, तिलाही जोड. म्हणाले, हाताला झटका बसू नये म्हणून वेत लागतो, आणि मारा झेलायला लाकूड. जोड असतो म्हणूनच ती खरी. नकली बनवणारे एकाच लाकडाची करतात आणि वरून जोडाची नुसती रेघ रंगवतात. मग त्यांनी यादी वाचली. माझं नाव त्यात नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मामा इतके खूश होते की बघवत नव्हतं. स्टिक तुटली नाही, डोळे शाबूत, मलमाची बाटली बंदच्या बंद. पुढच्या वर्षी होईल निवड, असं ते तीनदा म्हणाले. पुढचं वर्ष माझ्याकडे नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. सर काय म्हणाले ते मी सांगितलं नाही. राग आला होता, खोटं कशाला बोलू, खिडकीकडे तोंड करून मी सौंसरपर्यंत रागातच बसले. पण मामांनी स्टिक आपल्या मांडीवर आडवी घेतली होती आणि वळणावर कोणाला लागू नये म्हणून तिचं टोक आपल्या तळव्यात झाकून धरलं होतं.

महिनाभराने एका रविवारी मामा सौंसरला आले. विहारात वंदनेला जाऊन तसेच बसमध्ये बसले होते, अंगावर पांढरा सदरा. चहा झाला. मग खिशातून त्यांनी जालंधरचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. जाब विचारणाऱ्या पत्राचं ते उत्तर होतं. दुकानदाराने न चिडता सगळं समजावून लिहिलं होतं, वेत का, लाकूड का, जोड का, आणि बिनजोडाची स्टिक कोणी दिली तर घेऊ नका. मी ते वाचत असताना मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. "माल खरा होता, बाई," ते म्हणाले. "मीच चुकलो. हयू मार म्हणलं म्हून हुकलं का तुयं?"

मी कार्डाची घडी घातली. म्हटलं, "नाही, मामा. मी तं जोरातच मारून राहिली होती. तुमचे डोये मिटले होते. दुसऱ्या पोरीच चांगल्या होत्या." त्यातलं दुसऱ्या मुली चांगल्या होत्या हे खरं होतं, जोरात मारलं हे खोटं होतं. मी त्यांना मिसळ माल दिला. मामांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. त्यांचा उजवा हात उचलला गेला, आणि मला वाटलं की हा आता तळाला जाणार. पण तो माझ्या डोक्यावर आला आणि थोडा वेळ तिथेच राहिला. "बरं," ते म्हणाले.

माझं पुढे लग्न झालं, शिक्षण थोडं रखडत झालं, सौंसरच्याच शाळेत मी शिकवू लागले. मामा गेले त्याला बरीच वर्षं झाली. स्टिक माझ्याकडे आहे, अजून तुटलेली नाही, मामींची चिंधीही तशीच आहे. वांगी घेताना माझा हात ढिगाच्या तळाला जातो आणि भाजीवाली ओरडते, तेव्हा मला मामांची आठवण येते. पण मामांच्या हाताला त्या दिवशी माझी मिसळ कळली नसेल, यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही. कळली होती, आणि त्यांनी ती ठेवून घेतली. त्या रविवारी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. पांढुर्ण्याची बस आली आणि मामा मान खाली घालून, टायर न बघताच आत चढले. मग मीच वाकले आणि बसला एक फेरी मारून सगळे टायर पाहून घेतले.